घोड्यांच्या चित्रामागची चिठ्ठी

फोन सकाळी नऊच्या सुमारास आला. मी बीडच्या घरी ओट्यावर पेपर चाळत बसलो होतो. बायकोने फोन घेतला, कुणाचा ते न सांगता रिसीव्हर माझ्या दिशेने धरला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. "सर, महानंदा बोलते. अप्पा पहाटे गेले." त्या घरून मला फोन यायचा तो मन्मथअप्पांचाच, मुलीचा आवाज फोनवर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. तिच्यामागे माणसांचा गलबला होता. तिने विचारलं, "तुम्ही याल का?" येतो म्हणालो. धारूरच्या एसटीत बसलो आणि सबंध रस्ताभर मला एकच गोष्ट आठवत राहिली, की तीन आठवड्यांपूर्वी ह्याच एसटीने मी त्यांना काहीतरी सांगायला म्हणून गेलो होतो आणि न सांगता परत आलो होतो...

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना त्यांच्याच शेतात बसवून समाधी दिली. कपाळभर विभूती, गळ्यात बेलाची माळ, आणि मान किंचित एका बाजूला. टांगलेली फ्रेम तिरपी तर नाही ना, हे बघताना ते मान अशीच करायचे. मला रडू आलं नाही. मला सहसा येत नाही. माझ्या बायकोच्या मते हा माझा दोष आहे, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर तिच्याशी ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

मन्मथअप्पांचं धारूरच्या बाजारात काच-फ्रेमचं दुकान होतं. मी तिथल्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला नगर जिल्ह्यातून आलो, तेव्हा ते तिशीत होते आणि त्यांच्याकडे तीनच प्रकारची गिऱ्हाइकं यायची. देवांचे फोटो मढवणारी, लग्नाचे फोटो मढवणारी आणि गेलेल्या माणसांचे फोटो मढवणारी. शाळा सुटली की मी त्यांच्या दुकानातल्या बाकावर जाऊन बसायचो, कारण समोरच्या हॉटेलातला चहा तिथे आणून मिळायचा आणि अप्पा फार बोलायचे नाहीत. कानावर सुताराची जाड पेन्सिल, हातात काच कापायचा हिरा. प्रत्येक कामाला ते कागदाचा एक कपटा लावायचे आणि त्यावर लिहायचे, 'देशमुखाला देणे', 'पाटलीणबाईला माप विचारणे', 'गुत्तेदाराला सांगणे'. काम झालं की त्याच पेन्सिलीने पुढे बरोबरची खूण. ती खूण झाल्याशिवाय कपटा टाकायचा नाही, मग त्याला वर्ष लागो. दुसरी सवय अशी, की जुनं चित्र फेकायचं नाही. नवीन चित्र मढवायला आणलेल्या फ्रेममधलं जुनं चित्र नव्याच्या पाठीमागे जायचं, तेवढाच पुठ्ठा वाचला. त्यामुळे धारूरमधली कुठलीही जुनी फ्रेम उघडली तर आत दोन-तीन चित्रं निघत. एका देवाच्या मागे एकदा कीटकनाशकाचं कॅलेंडर निघालं होतं.

त्यांच्यासाठी मी पहिल्यांदा अक्षर काढलं ते त्यांच्याच चुलत्यांच्या फोटोखाली. त्यांना माझं अक्षर आवडायचं. मी सवयीने 'कै.' लिहिलं. अप्पांनी ते पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, आमच्यात लिं. लिव्हत्यात. लिंगैक्य." मी नावाची कागदी पट्टी बदलून दिली. चूक दाखवताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, आणि त्यामुळे ती चूक जास्त लक्षात राहायची.

नव्वद सालानंतर गावात केबल आली, एसटीडीचे बूथ आले, टायपिंगच्या क्लासमध्ये कापड झाकून एक कॉम्प्युटर येऊन बसला, आणि त्याच सुमारास सोलापूरच्या होलसेलवाल्याकडून अप्पांकडे चित्रांचे नवे गठ्ठे यायला लागले. बर्फाचे डोंगर, समुद्रावरचा सूर्य, झेप घेणारा गरुड, गोरंपान बाळ, आणि प्रत्येकाखाली इंग्रजीतलं एक वाक्य. देवांची चित्रं विकताना अप्पांना कधी अर्थ विचारावा लागला नव्हता. आता गिऱ्हाईक विचारायला लागलं, 'खाली काय लिव्हलंय?' अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. गठ्ठा आला की मी बाकावर बसून एकेका वाक्याचा मराठीत अर्थ लिहायचो आणि अप्पा ती चिठ्ठी खळ लावून चित्राच्या पाठीला डकवायचे. अशी चार-पाच वर्षं गेली. तालुक्यातल्या जिद्द, चिकाटी आणि यश ह्या सगळ्यांच्या पाठीला माझं अक्षर चिकटलेलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मला त्या चित्रांचं मनातून हसूच यायचं. एका कचेरीत 'आजचं काम आजच' असं सांगणारं घड्याळाचं चित्र लागलं, त्याच्याखाली एका दाखल्यासाठी मी तीन चकरा मारल्या. न्हाव्याने 'भिऊ नकोस, डोळे मीट आणि पुढे जा' हे चित्र आरशाच्या वर लावलं, आणि गिऱ्हाईक खरोखरच डोळे मिटून घ्यायचं. एका बाळंतपणाच्या दवाखान्यात कडा चढणारा माणूस लागला. आमच्या शाळेत तर दहावीची बाहेर पडणारी प्रत्येक तुकडी निरोपाला एक फ्रेम द्यायची, खाली लाल ऑइलपेंटमध्ये 'सप्रेम भेट' आणि बॅचचं वर्ष. हेडमास्तरांच्या खोलीत भिंत शिल्लक राहिली नाही तेव्हा चित्रं वर्गात आली, फळ्याच्या वर. म्हणजे पोरांना ती दिवसभर दिसायची आणि शिक्षकांची त्यांच्याकडे कायम पाठ. ज्या बर्फाकडे बघून पोरांनी स्फुरण घ्यायचं तो त्यांनी फक्त रसवंतीत पाहिला होता. मी अप्पांना एकदा म्हणालो, "आपला किल्ला एवढा मोठा आहे, त्याचं चित्र काढून खाली काहीतरी लिहा की." ते म्हणाले, "किल्ला रोज दिसतो सर. रोज दिसतं त्याला कोण मढवतं?"

आता ते सांगायला हवं, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

एका फेब्रुवारीत आमच्या शाळेत पर्यवेक्षकाची जागा निघाली. ती मला मिळणार असं सगळे धरून होते, मीही. ती मिळाली माझ्या मागून लागलेल्या एकाला, जो संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा होता. त्याच दुपारी मी अप्पांच्या दुकानात गेलो आणि नेमका गठ्ठा आलेला. पंचवीसेक चित्रं. मी चिडलेलो होतो आणि चिडलोय हे कुणाला दाखवत नव्हतो, ती माझी जुनी खोड. अधूनमधून मी चिठ्ठ्यांवर गंमत करायचोच, एखादं वाक्य वाढवायचं, एखादं तिखट करायचं, कोण बघतंय? त्या दिवशी हाताला पांढऱ्या घोड्यांचं चित्र आलं. लाटांच्या कडेने सहा घोडे पळताहेत, एक पुढे, बाकीचे मागे. खाली इंग्रजीत अगदी साधं होतं, धावणाऱ्याला वारा भेटतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'दुसऱ्या आलेल्या घोड्याचं नाव कुणी विचारत नाही.' लिहून मला बरं वाटलं. अप्पांनी चिठ्ठी वाचली, दोनदा वाचली. "वा सर! ह्याला म्हणत्यात बोल. लई खरं हाय." आणि ते चित्र त्यांनी विकायच्या गठ्ठ्यात टाकलं नाही, बाजूला काढून ठेवलं.

महानंदा ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा दहावीला, माझ्याच वर्गात. कमी बोलणारी, वहीच्या समासात कधीही न लिहिणारी. तिला डॉक्टर करायचं असं अप्पांच्या मनात होतं. जूनमध्ये निकाल लागला आणि ती शाळेत दुसरी आली, चारच मार्कांनी. आमच्या शाळेत पहिल्या आलेल्याचा फोटो मढवून हॉलमध्ये लावायची पद्धत आहे, आणि तो मढवायचं काम वर्षानुवर्षं अप्पांकडेच होतं. त्या वर्षी शिपाई जो फोटो घेऊन आला तो पहिल्या आलेल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाचा होता. मी बाकावर होतो. अप्पांनी काच कापली, लाकडी पट्ट्या जुळवल्या, बारीक खिळे मारले आणि फ्रेम शिपायाच्या हातात दिली. मग उठून आतून ते घोड्यांचं चित्र आणलं आणि तितक्याच शांतपणे ते मढवायला घेतलं. मला म्हणाले, "पोरीच्या खोलीत लावतो. रोज दिसाया पायजे." ती वेळ होती बोलायची. एवढंच म्हणायचं होतं, की अप्पा, ते वाक्य तिथे नाही, ते माझं आहे, वैतागून लिहिलेलं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणालो, "छान दिसेल."

पुढची दोन वर्षं अप्पा तिला ते वाक्य ऐकवत राहिले. रागावून नव्हे, ते रागवायचेच नाहीत. सकाळी तिच्या टेबलावर दुधाचा पेला ठेवताना भिंतीकडे बोट करून म्हणायचे, "वाच, काय लिव्हलंय?" आणि मग स्वतःच म्हणायचे. बारावीत तिला मार्क बरे पडले, पण मेडिकलला पुरतील इतके नाही. त्या सुट्टीत ती अंबाजोगाईला आत्याकडे गेली आणि परत आली नाही. तिथूनच डीएडला लागली, मग गेवराई तालुक्यात तलवाड्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी. घरी यायची ती दिवाळीत, दोन दिवस. आईशी बोलायची, गाईशी बोलायची, अप्पांनी विचारलं तर हो-नाही. भांडण नव्हतं, हेच त्यातलं वाईट. भांडण असतं तर कुणीतरी मध्ये पडलं असतं.

अशाच एका दिवाळीत मी फराळाला गेलो होतो. अप्पा दुकानात होते आणि मुलगी आदल्या दिवशी निघून गेलेली. त्यांची बायको, शकुंतलावहिनी, माझ्यापुढे ताटली ठेवून दारातच बसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुमाला एक इचारू का? त्या घोड्याच्या चित्रावर काय हाय हो लिव्हलेलं? पोरगी म्हणती तसं काईच न्हाई तिथं. म्हणती, अप्पा चित्राचं नाव करून सोताच्या मनातलं बोलत्यात. म्हणती, मी दुसरी आले तवाच अप्पांना नकोशी झाले." मी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला करत होतो. अर्थात! महानंदाला इंग्रजी वाचता येत होतं, मीच शिकवलं होतं. तिच्यासमोर वारा भेटणारं वाक्य होतं आणि बाप रोज दुसरंच काही वाचून दाखवत होता. ते माझं वाक्य आहे हे तिला कसं कळणार? फ्रेमच्या पाठीला प्लाय होता आणि चिठ्ठी आत बंद. मी वहिनींना म्हणालो, "इंग्रजीत एका वाक्याचे बरेच अर्थ निघतात." इतकं लाजिरवाणं वाक्य मी आयुष्यात दुसरं उच्चारलेलं नाही. त्यांनी मान हलवली. शिकलेल्या माणसाने सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यानंतर वर्षभरात कधीतरी अप्पा मला म्हणाले, "सर, आता चिठ्ठ्या नगं. लोकं चित्र बघूनच घेत्यात." मला वाटलं, धंद्याची रीत बदलली, सुटलो. त्याच काळात त्यांनी दुकानात आणखी एक नियम केला, आणि तो शेवटपर्यंत पाळला. शाळेला चित्र द्यायचं, हापिसाला द्यायचं, पण घरात पोरांच्या खोलीत लावायला मागितलं तर द्यायचं नाही. एकदा एक पुढारी जीप थांबवून उतरला, नातू दहावीला आहे, खोलीच्या चारी भिंतींना पुरतील एवढी चित्रं काढा म्हणाला. अप्पा म्हणाले, "न्हाई देत."

"कावून? पैसे देतो की बे मी!"

"पैशाचं न्हाई मालक. देवाचा फोटो न्या, किल्ला बघाया धाडा त्याला. हे न्हाई देत." पुढारी तणतणत गेला. मी विचारलं, "अप्पा, हा काय प्रकार?" ते काचेवरची धूळ पुसत म्हणाले, "पोराच्या खोलीत बापानंच बोलावं सर. भिताडानं न्हाई." मला वाटलं, महानंदाचं त्यांना लागलंय. ते खरंच होतं, पण अर्धंच, हे मला परवा कळलं.

रिटायर झाल्यावर मी बीडला घर बांधलं. आमचं भेटणं कमी झालं, फोन राहिला. मग त्यांना दम्याचा त्रास वाढला, आणि महानंदा रजा काढून धारूरला आली. बाप-लेकीत बोलणं होतं ते औषधांचं. किती वाजता, जेवणाआधी की नंतर. मी एक दिवस ठरवून निघालो. सांगून टाकायचं. एसटीत वाक्यंसुद्धा जुळवली होती. अप्पा दुकानामागच्या खोलीत खाटेवर टेकून बसले होते, महानंदा आत काहीतरी निवडत होती, ऐकू येईल इतक्या अंतरावर. मी सुरुवात केली, "अप्पा, ते घोड्यांचं चित्र..." त्यांनी हात वर केला. दम खाऊन म्हणाले, "चांगलं चित्र हाय ते सर. हवा भारी दाखवलीय." आणि डोळे मिटून घेतले. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आज लाज वाटते, हे इथे स्वच्छ लिहून ठेवतो. तासाभरात मी परतीच्या गाडीत होतो.

समाधीनंतर बाराएक दिवसांनी पुन्हा महानंदाचा फोन आला, "सर, एक काम होतं, अक्षराचं." मी गेलो. घरात माणसं कमी झाली होती. अप्पांचा फोटो मोठा करून आणला होता, दुकानात लाकडी पट्ट्यांचा ढीग होता, पण ते गेल्यावर पट्टी कापणारं कुणी नव्हतं. फ्रेम करणाऱ्याला फ्रेम नाही. म्हणून तिने स्वतःच्या खोलीतलं घोड्यांचं चित्र उतरवून आणलं होतं आणि अप्पांची रीत ठाऊक असल्यामुळे, जुन्याच्या पुढे नवं घालावं म्हणून, मागचे खिळे उपसून प्लाय काढला होता. चित्र पालथं करून तिने माझ्यापुढे सरकवलं.

पाठीला चिठ्ठी होती. निळ्या शाईतलं माझं अक्षर, दुसऱ्या आलेल्या घोड्याचं. त्यावर जाड पेन्सिलीची आडवी रेघ. खाली अप्पांच्या एकेक अक्षर उभं करणाऱ्या हाताने लिहिलं होतं, 'धावणाऱ्याला वारा भेटतो.' आणि त्याच्याही खाली, 'महानंदाला सांगणे.'

पुढे खूण नव्हती.

म्हणजे त्यांना माहीत होतं. कुणीतरी इंग्रजी येणाऱ्या गिऱ्हाइकाने तसलंच दुसरं चित्र वाचून दाखवलं असेल, चिठ्ठ्या बंद झाल्या तेव्हाच असेल, मला ठाऊक नाही. त्यांनी फ्रेम उतरवली, उघडली, खोडलं, लिहिलं, पुन्हा बंद करून त्याच खिळ्याला टांगली. मला एका शब्दाने बोलले नाहीत, मी रोज त्याच बाकावर बसत असताना. आणि मुलीलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोष माझ्यावर आला असता, म्हणून? की रोज बोलणारं तोंड तर आपलंच होतं, असं त्यांना वाटलं? एवढंच कळतं, की एकच गोष्ट सांगायची राहिलेली दोन माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर बसून चहा पीत होती.

"सर," महानंदा म्हणाली, "वरचं अक्षर तुमचं ना?"

मी हो म्हणालो. मग सगळं सांगितलं. पर्यवेक्षकाची जागा, ती दुपार, निकालाचा दिवस, वहिनींना दिलेलं उत्तर, आणि अप्पांच्या शेवटच्या भेटीतलं अर्धवट वाक्यही. वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मी संपवल्यावर महानंदाने चिठ्ठीतल्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ती म्हणाली, "म्हणजे ते अप्पांच्या मनातलं नव्हतं." मी म्हणालो, "नव्हतं." तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. डोळे तिचे कोरडेच होते. रडू मला आलं, आणि सावरता येईना, तेव्हा तिनेच पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग तिने कागदाची पांढरी पट्टी आणि पेन माझ्यासमोर ठेवलं. "फोटोखाली नाव लिहा. तुमचं अक्षर त्यांना आवडायचं." मी पेन उचललं तेव्हा म्हणाली, "जे हाय तेवढंच लिहा, सर." मी लिहिलं, लिं. मन्मथअप्पा. तिने पट्टी हातात घेऊन शाळेतल्या बाईसारखी नीट वाचून पाहिली आणि काचेमागे फोटोखाली बसवली. त्याच्यामागे घोडे. प्लाय लावण्याआधी तिने कोनाड्यातली अप्पांची जाड पेन्सिल घेतली, चिठ्ठीवर वाकली आणि 'महानंदाला सांगणे' ह्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. मग प्लाय ठेवला आणि खिळे मारायला लागली.